आधी हिरडी बघा, मग दात काढा



वर्षावासात आम्ही रेणापूर तालुक्यातल्या वस्त्यांमधून फिरतो. संध्याकाळी विहारात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालतं. वाचन संपलं की बाया घटकाभर बसतात, कुणी काही गमतीचं बोलतं, सगळ्या हसतात. आणि हसता हसता कितीतरी जणींचा पदर आपोआप तोंडावर जातो. आधी आम्हाला वाटायचं, ही नुसती सवय आहे. जवळ बसून बोललं की कारण कळतं. कुणाचे पुढचे दोन दात गेलेले असतात, कुणाची हिरडी इतकी मागं सरलेली असते की दात लांबडे दिसतात, कुणाला आपल्या तोंडाचा वास येत असेल याची धास्ती असते. वय विचारावं तर बेचाळीस, पंचेचाळीस.

दात कसा गेला, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "हलायला लागला होता बाई. काढून टाकला." कुणी काढला? कधी डॉक्टरनं, कधी बाजारच्या दिवशी रस्त्यावर बसणाऱ्यानं, कधी दोरा बांधून घरीच. पण तो हलायला का लागला, हे काढणाऱ्यानं सांगितलेलं नसतं आणि काढून घेणारीनं विचारलेलं नसतं. आम्ही जीएनएमचा डिप्लोमा केला, पंधरा-सोळा वर्षं वॉर्डात नोकरी केली, आणि खरं सांगायचं तर तेव्हा आम्हीही विचारत नव्हतो. ताप बघितला, बीपी बघितलं, सलाईन लावलं. तोंडाची निगा आम्हाला शिकवली होती, पण ती बेशुद्ध पेशंटची. शुद्धीत असलेल्या, स्वतःच्या पायांनी चालत आलेल्या बाईच्या हिरड्या बघाव्यात हे ध्यानातच येत नसे.

म्हणून आज थोडं रागानंच लिहितोय. हा राग आधी स्वतःवर आहे. आपल्या वस्तीत माणसाची आणि दातांच्या डॉक्टरची पहिली गाठ पडते ती दात काढायच्या दिवशी. त्याच्या आधी दहा-पंधरा वर्षं हिरडी रक्त गाळून सांगत असते, ते कुणी ऐकत नाही. ज्याला स्वस्तात आणि सोपा इलाज आहे तो रोग आपण शेवटापर्यंत जाऊ देतो आणि मग म्हणतो, वय झालं. वयानं दात पडत नाहीत. हिरडीच्या रोगानं पडतात.

किडलेला दात वेगळा आणि हिरडीचा रोग वेगळा, हे आधी समजून घेऊ. कीड दाताला पोखरते, ठणका लागतो, रात्रभर झोप नाही, म्हणून माणूस कसातरी दवाखाना गाठतो. हिरडीचा रोग बहुतेक वेळा ठणकतच नाही. दातांवर रोज एक चिकट थर बसतो, जंतूंचा. तो घासून निघाला नाही तर काही दिवसांत कडक होतो, त्याला कीटण म्हणतात. एकदा कीटण झालं की ब्रशनं निघत नाही. हिरडी त्या कीटणाला चिडते, सुजते, लाल होते, चूळ भरली की रक्त येतं. इथपर्यंतचा आजार पूर्ण बरा होतो. इथं लक्ष दिलं नाही तर हिरडी दातापासून सुटते, मध्ये फट तयार होते, फटीत पू होतो, आणि ज्या हाडात दात रोवलेला आहे ते हाड हळूहळू झिजतं. झिजलेलं हाड आपोआप परत भरून येत नाही. घराचा खांब शाबूत असतो, पण बुडाची माती वाहून जाते आणि खांब हलायला लागतो, तसा हा प्रकार. म्हणून काढलेला दात हातात घेऊन बघितला तर पुष्कळदा तो अगदी धडधाकट असतो. एका आजीनं असा दात आम्हाला दाखवला होता. त्याला कुठं काळा ठिपकासुद्धा नव्हता. "ह्याला काहीच झालं नव्हतं माय, मंग पडला कसा?" या प्रश्नाचं उत्तर त्या वेळी त्यांना कुणी दिलं नव्हतं.

आता मिसरीबद्दल बोलल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. कुणाला राग आला तर येऊ द्या.

तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची. सकाळी दात घासायला म्हणून बोटावर घेतलेली मिसरी दुपारी जेवण झाल्यावर लागते, मग रानात काम करताना लागते, मग रात्री झोपताना लागते. दात घासणं बाजूलाच राहतं. ती तंबाखूच आहे, भाजल्यानं तिचं व्यसन जळत नाही. बाया सांगतात, "मिसरी लावली की भूक लागत नाही, कळ मारत नाही, कामाला हुशारी येते." खरं आहे ते. ऊसतोडीला गेलेली बाई पहाटे तीनला उठते, दिवसभर मोळ्या वाहते, तिला भूक आणि ठणका दोन्ही मारायचं साधन पाच-दहा रुपयांत मिळतं, तर ती का लावणार नाही? मिसरी सोडा असं सांगणाऱ्यानं ही गोष्ट लक्षात ठेवून सांगावं. शहाणपणा शिकवायच्या थाटात सांगू नये. आम्ही सुरुवातीला तसंच सांगत होतो आणि बाया समोर मान डोलवून मागं डबी उघडत होत्या.

पण तिचा एक लबाड गुण सांगायलाच हवा. तंबाखूमुळे हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे तंबाखू-मिसरी लावणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येतं. रोग आत वाढत असतो आणि बाहेरून वाटतं, हिरड्या घट्ट झाल्यात. "मिसरीनं दात मजबूत राहतात" ही समजूत इथूनच आली असावी. मिसरी बंद केली की काही दिवसांनी रक्त दिसायला लागतं, आणि बाई म्हणते, बघा, सोडली तर उलट वाढलं. वाढलेलं नसतं, झाकलेलं उघडं पडलेलं असतं. तेव्हा घाबरून परत डबी उघडू नये, दाताच्या डॉक्टरकडे जावं. जिथं रोज तंबाखूचा बार धरतात त्याच जागेची हिरडी आधी मागं सरते, हेही आरशात बघून घ्या.

पुरुषांच्या आणि पोरांच्या तोंडात गुटखा आणि मावा आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. ती बंदी पानटपरीवर कशी पाळली जाते हे आपण सगळे जाणतो. २०१६-१७ मध्ये देशभर तंबाखूची जी मोठी पाहणी झाली तिच्यात महाराष्ट्रातल्या दर चार प्रौढांमागे जवळजवळ एक जण बिनधुराची तंबाखू, म्हणजे खाण्याची किंवा लावण्याची तंबाखू, वापरत असल्याचं दिसलं. आपण दारूविरुद्ध मोर्चे काढले, दारूची दुकानं बंद पाडली, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण पंचशील ग्रहण करून उठल्यावर विहाराच्या पायरीवरच पुडी फाडली जाते, तेव्हा पाचव्या शीलात ही पुडी येते की नाही यावर आपण कधी बोललोय का? पंडित लोकांनी त्यावर वाद घालावा. आमच्यासारख्या नर्सला एवढंच कळतं की जी वस्तू नाही मिळाली तर माणूस चिडतो, हात थरथरतो, ती नशाच.

आणि तोंडाच्या स्वच्छतेची गोष्ट धम्माला परकी नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भिक्खूंना दातवण वापरायची परवानगी दिल्याचा प्रसंग आहे. दातवण न केल्यानं तोंडाला वास येतो, अन्नाची चव लागत नाही, असे पाच तोटे तिथं सांगितलेत. काडी केवढी लांब असावी हेसुद्धा आहे: आठ बोटांहून लांब नको, चार बोटांहून आखूड नको. इतकी बारीक काळजी. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी आजही वाईट नाही, फक्त हिरडीवर खसाखसा घासू नये आणि शक्य असेल त्यानं फ्लोराइडची साधी टूथपेस्ट आणि मऊ ब्रश घ्यावा. रात्री झोपताना घासणं हे सकाळच्या घासण्याहून महत्त्वाचं आहे. राखुंडी, विटेची पूड, कोळसा यांनी दात पांढरे दिसतात ते वरचा थर खरवडला जातो म्हणून.

आता इलाजाकडे येऊ. दातांच्या डॉक्टरांमध्ये हिरड्यांचे वेगळे तज्ज्ञ असतात, त्यांना पेरिओडॉन्टिस्ट म्हणतात. बीडीएस झाल्यावर आणखी तीन वर्षं हिरड्यांचंच शिक्षण घेतलेले हे डॉक्टर. ते काय करतात, हे वस्तीतल्या माणसाला माहीत नसतं, म्हणून त्यांच्यापर्यंत कुणी जात नाही. पहिली गोष्ट, ते एका बारीक खुणा केलेल्या सळीनं प्रत्येक दाताभोवतीची फट मोजतात. एक ते तीन मिलिमीटर असेल तर ठीक. चार किंवा त्याहून जास्त असेल तर रोग आत शिरलाय. गरज वाटली तर हाड किती झिजलं हे बघायला एक्स-रे काढतात.

मग स्केलिंग. म्हणजे मशीननं दातांवरचं कीटण काढणं. मशीन गुणगुणतं, पाण्याचा फवारा येतो, थोडं रक्त येतं, थोड्या झिणझिण्या येतात. अर्धा-पाऊण तासाचं काम, बहुतेकांना भुलीचीही गरज पडत नाही. आणि याच साध्या इलाजाबद्दल आपल्याकडे सर्वांत जास्त भीती आहे: "दात साफ केले की हलायला लागतात, फटी पडतात." आम्ही हे इतक्या वेळा ऐकलंय की आता पाठ झालंय. फट आधीपासूनच असते. ती कीटणानं बुजलेली असते. कीटण काढलं की मोकळी दिसते. दात आधीच सैल असतो, कीटणाच्या थरानं तो शेजारच्याला चिकटून राहिलेला असतो. भिंतीचा पोपडा काढल्यावर तडा दिसला तर तो पोपडा काढणाऱ्यानं पाडलेला नसतो. स्केलिंगनंतर आठ-पंधरा दिवस थंड-गरम लागतं, ते कमी होतं. सूज उतरली की हिरडी दाताला परत धरते आणि थोडा हलणारा दात पुष्कळदा घट्ट होतो.

फट खोल असेल तर हिरडीखालून मुळाची सफाई करतात. याला भुलीचं इंजेक्शन देतात आणि दोन-चार खेपा लागू शकतात. तेवढ्यानं भागलं नाही तर हिरडीचं ऑपरेशन, ज्याला फ्लॅप सर्जरी म्हणतात. हिरडी थोडी उघडून आतलं कीटण आणि सडलेला भाग काढतात, कुठं हाडाची पूड भरतात, टाके घालतात. टाके साधारण आठवडा-दहा दिवसांनी काढतात. माणूस जागा असतो आणि त्याच दिवशी घरी येतो. "ऑपरेशन" हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढं स्ट्रेचर येतं, तसं यात काही नसतं. पूर्वी बसलेलं हाड सगळं परत मिळत नाही, पण राहिलेलं वाचतं आणि दात आणखी कित्येक वर्षं भाकरी खातो. ज्वारीची भाकरी, शेंगा, कांदा, हरभरा हे आपलं अन्न दातांशिवाय खाता येत नाही. दात गेलेली बाई वरणात भाकरी कुस्करून गिळते आणि मग कडधान्य, भाजीपाला सगळंच तिच्या ताटातून कमी होत जातं. अंगात रक्त कमी म्हणून आपण तिला लोहाच्या गोळ्या देतो. ती चावून काय खाते, हे विचारत नाही.

काही हिरड्या गोळ्यांमुळेही फुगतात. फिटसाठीची फेनिटॉइन, बीपीसाठीची अम्लोडिपिन यांनी काही जणांची हिरडी वाढून दातावर चढते. गोळी आपल्या मनानं बंद करू नका. फिट येऊन पडणं किंवा बीपी चढणं जास्त वाईट. दोन्ही डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते, वाढलेली हिरडी छाटताही येते. गरोदर बाईच्या हिरड्यांतून रक्त येतं, ते शरीरातल्या बदलामुळे. "पोटुशी बाईनं दात दाखवू नये" हे खोटं आहे. चौथ्या ते सहाव्या महिन्यात स्केलिंग आरामात करून घेता येतं, फक्त दिवस गेलेत हे आधी सांगायचं.

शहरात एक नवीन धंदाही निघालाय: काळसर हिरड्या लेझरनं गुलाबी करून देतात. आपल्या रंगाच्या माणसांच्या हिरड्या जन्मतः काळसर असू शकतात. तो रोग नाही आणि त्यात लाजण्यासारखंही काही नाही. लग्नाच्या मुलीसाठी कुणी यावर हजारो रुपये घालवत असेल तर आमचं ऐका, ते पैसे आईच्या स्केलिंगला लावा.

साखरेचं मात्र नीट वाचा. बाबासाहेबांना मधुमेहानं किती छळलं हे आपल्याला माहीत आहे. आज वस्तीत प्रत्येक गल्लीत मधुमेहाची माणसं आहेत. साखर वाढलेली असली की हिरडीचा रोग जोरात वाढतो, आणि हिरडीत पू साठलेला असला की साखर आटोक्यात येत नाही. दोन्ही एकमेकांना पोसतात. हिरड्यांचा नीट इलाज केल्यावर साखर थोडी खाली येते, हे अभ्यासांतून दिसलंय. तरी शुगरच्या पेशंटला "आ करा" असं म्हणणारा डॉक्टर आम्ही फार क्वचित बघितला. तुम्हीच तोंड उघडून दाखवा.

आणि दात काढणं? ते वाईट नाही. हाड अगदीच संपलं असेल, दात चारी बाजूंनी हलत असेल, अक्कलदाढ आडवी अडकून दर महिन्याला सुजत असेल, तर काढणंच बरं. वरचा दात काढला की डोळे जातात ही भीती खोटी आहे. दाताच्या आणि डोळ्याच्या नसा वेगळ्या. पण काढायच्या आधी डॉक्टरला साखर, बीपी, हृदयाचा आजार, रक्त पातळ करायची गोळी, पोटातलं बाळ, सगळं सांगायचं. काढल्यावर कापूस अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा, चोवीस तास जोरात चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, आणि तंबाखू-मिसरी तर अजिबात नाही. जखमेत जमलेली रक्ताची गुठळी हीच जखमेची पट्टी असते. ती थुंकीबरोबर निघाली की खड्डा उघडा पडतो आणि तिसऱ्या दिवशी असा ठणका लागतो की माणूस कानशील धरून बसतो. रस्त्यावर बसणाऱ्याकडे जाऊच नका. त्याचा चिमटा एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जातो, आणि कावीळ, एचआयव्ही त्या रक्ताबरोबर जाऊ शकतात.

आमची तक्रार दात काढण्याबद्दल नाही. दुसरा काही पर्याय न सांगता काढण्याबद्दल आहे. काही वर्षांपूर्वी एका शिबिरात आम्ही मदतीला उभे होतो. शिबिर कुणाचं, ते सोडा. सकाळपासून रांग होती. संध्याकाळी एका ट्रेमध्ये काढलेले दात पडले होते आणि आयोजक आकडा मोजून खूश होते. ज्या बायांचे दात काढले त्यातल्या एकीलाही बाकीच्या दातांचं काय करायचं हे सांगितलं गेलं नाही. त्यांच्या उरलेल्या दातांवर तेच कीटण होतं. पुढच्या वर्षी त्याच बाया पुन्हा रांगेत येणार होत्या. त्या दिवशी आम्हीही ट्रे धरून उभे होतो, काही बोललो नाही. त्याची टोचणी अजून आहे.

बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत १९२९ साली 'यंग इंडिया'त छापून आलेली काठेवाडातली एक हकिगत आहे. अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण बायको आजारी. डॉक्टर यायला तयार झाला, पण वस्तीत येऊन तपासणार नाही या अटीवर. तिला वस्तीबाहेर आणलं. डॉक्टरनं थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हाती दिलं, त्यानं नवऱ्याच्या हाती, नवऱ्यानं बायकोला लावलं, आणि त्याच वाटेनं ते परत गेलं. बाई वाचली नाही. नर्सिंग शिकताना ताप मोजायला शिकलो तेव्हा आम्हाला ही गोष्ट माहीत नव्हती, नंतर वाचली आणि थर्मामीटर हातात धरताना कित्येक दिवस ती आठवत राहिली. ताप लांबून मोजता येतो. हिरडी लांबून मोजता येत नाही. त्यासाठी डॉक्टरला तोंडात बोटं घालावी लागतात, एका दातापाठोपाठ दुसरा, बत्तीसच्या बत्तीस बघावे लागतात, अर्धा तास जवळ बसावं लागतं. दात उपटायला पाच मिनिटं पुरतात. आज कुणी तोंडावर जात विचारत नाही. पण कुणाच्या तोंडाला अर्धा तास द्यायचा आणि कुणाला पाच मिनिटं, हे कसं ठरतं याचा विचार आपण करायला हवा. सगळे डॉक्टर असे नाहीत. मन लावून काम करणारे आम्ही बघितलेत. तरीही विचार करायला हवा.

मग करायचं काय? रेणापूरहून लातूर वीसेक किलोमीटर. लातूरला दंत महाविद्यालय आहे, नांदेडलाही आहे. ही महाविद्यालयं खासगी आहेत, पण तिथं शिकाऊ डॉक्टर मोठ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे बाहेरच्या दवाखान्यापेक्षा खर्च कमी येतो. वेळ जास्त लागतो, त्याची तयारी ठेवून जायचं. सरकारी दंत महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे, ते आपल्या रोजंदारीच्या माणसाला लांब पडतं. म्हणून आमचा जोर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयावर आहे. सरकारच्या आरोग्य मानकांमध्ये या दर्जाच्या रुग्णालयात दातांचा डॉक्टर असावा असं धरलेलं आहे. आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचारापर्यंत पैसे लागत नाहीत. तेव्हा तुमच्या तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन विचारा: दातांचा डॉक्टर कोणत्या वारी बसतो? खुर्ची चालू आहे का? स्केलिंगचं मशीन आहे का, आणि असेल तर गेल्या वर्षभरात किती जणांचं स्केलिंग झालं आणि किती दात काढले? तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. अर्ज लिहायला आम्ही येऊ. काढलेल्या दातांचा आकडा शेकड्यात आणि स्केलिंगचा बोटांवर मोजण्याइतका निघाला, तर तो कागद घेऊन रुग्ण कल्याण समितीपुढं बसायचं. मागणी एकच: दातांच्या ओपीडीत आलेल्या प्रत्येकाच्या हिरड्या तपासून केसपेपरवर लिहा, आणि गरज असेल त्याला स्केलिंगची तारीख द्या.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तोंडात तीन बोटं उभी मावत नसतील, तर मात्र तारखेची वाट बघायची नाही. हे हिरडीच्या पुढचं दुखणं असू शकतं. आपल्या शेजारच्या बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. हा रोग खेड्यातही आहे, म्हणूनच तिथं नोंद ठेवायची वेळ आली. तीस वर्षांवरच्या माणसांची तोंडाची तपासणी उपकेंद्रात आणि आरोग्य मंदिरात फुकट होते. बीपी-शुगर तपासायला जाल तेव्हा तोंडही तपासा म्हणा. कर्करोग निघालाच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो.

ज्या आजींनी आम्हाला तो धडधाकट दात दाखवला होता, त्यांना आम्ही लातूरला घेऊन गेलो. उरलेल्या दातांपैकी दोन वाचण्यासारखे नव्हते, ते काढावे लागले. बाकीच्यांची सफाई तीन खेपांत झाली. पहिल्या खेपेला त्या एसटीत सगळ्या वाटेनं मिसरीची डबी मुठीत धरून होत्या, लावत नव्हत्या, नुसती धरून होत्या. दुसऱ्या खेपेला डबी घरी राहिली. मध्ये दोनदा त्यांनी लावलीही, आणि आम्हाला आपण होऊन सांगितलं. आता त्यांची सून विचारतेय, माझ्याही हिरडीतून रक्त येतं, मला कधी नेता? तिचं वय चौतीस आहे. पुढच्या महिन्यात पौर्णिमेच्या वाचनानंतर विहारात यादी करायची ठरलंय. ज्यांना यायचं त्यांनी चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं, जुने कागद आणि आधार कार्ड बरोबर आणावं, आणि सकाळी जेवून निघावं. उपाशीपोटी खुर्चीत बसलं की चक्कर येते.